खाऊच्या पैशांची खरी कमाई

एका प्लेट भेळेचे दहा रुपये. मुरमुरे आजोबांनी आणून दिलेले, कांदा घरचा, चिंचेचं पाणी आईने आदल्या रात्री कोळलेलं, आणि दुकानदाराचं वय नऊ. शेजारी उकडलेल्या शेंगा, त्यापुढे आलूबोंडे, टोकाला मीठ-तिखट लावलेले आवळे आणि बोरं. जिल्हा परिषदेच्या शाळेत बाल आनंद मेळावा भरला की असं दृश्य महाराष्ट्रात कुठेही दिसतं. वाशिम जिल्ह्यातल्या, मंगरूळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारसारख्या हमरस्त्यावरच्या गावातल्या पोरांना तर गिऱ्हाईक कसं सांभाळायचं हे शिकवावंच लागत नाही. जुन्या नागपूर–औरंगाबाद रस्त्याने ते त्यांच्या आजा-पणजांना शिकवलं, आणि आता समृद्धी महामार्गाचा इंटरचेंजही गावाला लागून आला आहे.

मेळावा संपला की हिशेब होतो. आईचं भांडवल परत, उरला तो नफा. इथे शाळांना एक विनंती करावीशी वाटते: या नफ्याचं काय करायचं, हे मुलांना ठरवू द्या. लहान मुलांनी दुसऱ्यांसाठी पैसा उभा केल्याचे जे किस्से जगभर गाजले, त्यांत बहुतेक ठिकाणी मोठ्यांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट एकच होती. त्यांनी निर्णय मुलांच्या हातातून काढून घेतला नाही.

दार वाजवायची सवय

विदर्भातल्या मुलांना दारोदार जायची भीती कधीच वाटलेली नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. चाकं लावलेला लाकडी नंदी सजवायचा, दोरीने ओढत गल्लीभर न्यायचा. घरची बाई बैलाला कुंकू लावते आणि मुलाच्या हातावर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, ठेवते. भाद्रपद पौर्णिमेला मुलींची भुलाबाई सुरू होते, ती कोजागिरीपर्यंत. रोज कुणाच्या तरी अंगणात गाणी, आणि शेवटी झाकलेल्या डब्यात आज कोणती खिरापत आहे ते ओळखायचं. होळीच्या गोवऱ्या, गल्लीतल्या बालगणपतीची वर्गणी, हेही आलंच. निधी जमवण्याचं अर्धं शास्त्र म्हणजे अनोळखी दारासमोर उभं राहून नीट बोलता येणं. आपली पोरं ते दुसरीतच पास झालेली असतात.

स्काउटची खरी कमाई

स्काउट-गाइडच्या गणवेशात शाळेत गेलेल्या प्रत्येकाला ‘खरी कमाई’ हे शब्द माहीत आहेत. कुणापुढे नुसता हात पसरायचा नाही. काम करायचं, वस्तू विकायची आणि मग पैसे घ्यायचे. भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी आकाराला आली. त्याच्या आदल्याच वर्षी, १९४९ मध्ये, ब्रिटनच्या स्काउटांनी ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू केला होता. एक शिलिंग द्या आणि काम सांगा, मग ते बूट पॉलिशचं असो की बागेतलं गवत काढण्याचं. आपल्याकडच्या अनेक शाळांत आनंद मेळावा खरी कमाईच्याच नावाने भरतो. मला हा उपक्रम फार आवडतो, कारण त्यात देणाऱ्याची दया आणि घेणाऱ्याचा संकोच दोन्ही नसतात. भेळ चांगली असेल तर खपते, नाहीतर नाही.

तूप सोडलं, माती उचलली

१९१३ ची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत गांधीजींचा सत्याग्रह पेटला होता आणि इकडे गोपाळ कृष्ण गोखले त्यासाठी देशभरातून पैसा गोळा करत होते. राजे-महाराजे, व्यापारी, वकील यांच्या देणग्या येत होत्या. हरिद्वारजवळच्या गुरुकुल कांगडीच्या विद्यार्थ्यांना वाटलं, आपणही काही पाठवावं. पण पाठवणार काय? गुरुकुलातल्या ब्रह्मचाऱ्यांकडे खिसाच नव्हता.

मग त्यांनी ताटातलं दूध-तूप बंद केलं आणि त्याचे वाचलेले पैसे बाजूला काढले. तेवढ्यावर समाधान होईना, म्हणून जवळच धरणाचं बांधकाम चाललं होतं तिथे ते मजूर म्हणून गेले, माती वाहिली आणि मजुरी घेतली. गुरुकुलाचे प्रमुख महात्मा मुन्शीराम, म्हणजेच पुढे स्वामी श्रद्धानंद म्हणून ओळखले गेले ते. जमलेली रक्कम गोखल्यांकडे गेली. गांधीजींना ही हकीगत कळली तेव्हा त्यांनी मुन्शीरामांना आपणहून पत्र लिहिलं, आणि १९१५ मध्ये भारतात परतल्यावर काही महिन्यांतच ते या मुलांना भेटायला कांगडीला गेले. संपूर्ण स्वातंत्र्यलढ्याच्या हिशेबात ही रक्कम शोधायला भिंग लागेल. पण देशातल्या कुणाही धनिकाचं नाव न काढता मी आधी या मुलांची गोष्ट सांगतो आहे, ती उगीच नाही. ताटातलं काढून दिलेलं आणि अंगमेहनतीचं, अशी दोन्ही प्रकारची कमाई एका देणगीत क्वचितच येते.

गांधीजींनी पुढे मुलांकडून मागायलाही मागेपुढे पाहिलं नाही. हरिजन निधीसाठी त्यांच्या सहीचा दर पाच रुपये होता, आणि सही मागणारा शाळकरी पोर असला तरी दर तोच!

बक्षीस लावलं आणि डबा हलका झाला

आता हा प्रयोग प्रत्येक मुख्याध्यापकाने वाचावा असा. इस्राएलमध्ये शाळकरी मुलं दरवर्षी ठरलेल्या दिवशी घरोघर जाऊन समाजकार्यासाठी निधी जमवतात. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अशा १८० विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या आणि त्यांचे तीन गट केले. पहिल्या गटाला या कामाचं महत्त्व सांगितलं, बस्स. दुसऱ्या गटाला सांगितलं की जेवढे जमवाल त्याच्या एक टक्का पैसे तुम्हाला मिळतील. तिसऱ्याला दहा टक्के. हे बक्षीस जमलेल्या निधीतून नव्हे, वेगळं दिलं जाणार होतं.

सर्वांत जास्त पैसे कुणी आणले असतील? ज्यांना काहीच मिळणार नव्हतं त्यांनी. दहा टक्केवाले त्यांच्या थोडे मागे राहिले आणि एक टक्केवाले तर फारच मागे पडले. २००० साली हा शोधनिबंध प्रसिद्ध झाला, आणि तेव्हापासून अर्थशास्त्राच्या वर्गात तो शिकवला जातो.

कारण उघड आहे. बक्षीस नसतं तेव्हा मूल निघतं ते कामासाठी. बक्षीस आलं की ते मजुरीचा भाव करू लागतं, आणि एक टक्का हा भाव कुणालाही परवडणारा नाही. आपल्याकडे ‘सर्वाधिक निधी जमवणाऱ्यास घड्याळ’ अशी लालूच दाखवणारी कार्डं शाळांतून फिरत आली आहेत. अशा कार्डावर शेवटी सह्या कुणाच्या असतात? वडिलांच्या कचेरीतल्या लोकांच्या. मूल फक्त कार्ड घरी आणतं आणि भरलं की शाळेत नेतं. हे थांबलं पाहिजे.

होळी लहान, पोळी दान

पैसाच हवा असं कुणी सांगितलं? महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलन समितीने ‘होळी लहान करा, पोळी दान करा’ ही मोहीम चालवली आणि मुलांनी ती उचलून धरली. आगीत जाणारी पुरणपोळी आधीच गोळा करायची आणि ज्यांच्या घरी त्या दिवशी पुरण शिजलं नाही तिथे पोचवायची. दिवाळीत याचंच भावंड म्हणजे फटाकेमुक्त दिवाळी. शाळेत संकल्प करायचा, फटाक्यांचे पैसे वाचवायचे आणि ते पुस्तकाला, खेळण्याला किंवा गरजूला द्यायचे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर फुलं-मेणबत्त्यांऐवजी वही-पेन वाहण्याचं आवाहन होतं, तेही मुलांना पटकन समजतं. पाचवीतल्या मुलाला वहीची किंमत सांगावी लागत नाही.

एक पैसा, एक रुपया, १ डॉलर ३५ सेंट

थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण महाराष्ट्राने कारखाना काढून खरी केली आहे. अंताजी दामोदर काळे यांनी पैसा फंडाची कल्पना मांडली: दर माणशी दर साल एक पैसा. लोकमान्य टिळकांनी ती उचलून धरली आणि या पैशापैशातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना उभा राहिला.

साठ वर्षांनी एका वऱ्हाडी माणसाने असाच हिशेब रुपयात मांडला. अमरावती जिल्ह्यातल्या टिमटाळ्यात जन्मलेले एकनाथ रानडे यांनी कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकासाठी माणशी एक रुपया मागितला. सुमारे तीस लाख लोकांनी तो दिला आणि १९७० मध्ये स्मारक खुलं झालं.

तिकडे अमेरिकेत तर स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा फ्रान्सने भेट दिला, पण चौथऱ्याला पैसे नव्हते. १८८५ मध्ये जोसेफ पुलित्झर यांनी आपल्या ‘वर्ल्ड’ या वर्तमानपत्रातून हाक दिली आणि शब्द दिला की रक्कम कितीही छोटी असो, देणाऱ्याचं नाव छापून येईल. आयोवा राज्यातल्या एका बालवाडीने १ डॉलर ३५ सेंट पाठवले. पाच महिन्यांत एक लाखाहून जास्त लोकांनी एक लाखाहून जास्त डॉलर दिले, आणि त्यातल्या बहुतेकांची देणगी एका डॉलरपेक्षाही कमी होती. नाव छापण्याची ती युक्ती शाळेच्या फळ्यावर आजही चालेल. फक्त नावापुढे आकडा लिहू नका.

काच, चांदी आणि तट्टू

युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र १९४९ चं. ते चित्र चेकोस्लोव्हाकियातल्या जित्का साम्कोवा या सात वर्षांच्या मुलीने काढलं, तेही काचेवर, कारण युद्धाने होरपळलेल्या तिच्या गावात कागद मिळत नव्हता. युनिसेफच्या मदतीबद्दल तिने मानलेले ते आभार होते. त्या कार्डानंतर विकल्या गेलेल्या असंख्य कार्डांनी जगभरच्या मुलांसाठी पैसा आणला.

ब्रिटनमध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या टीव्ही कार्यक्रमाने १९६४ मध्ये पैसे मागितलेच नाहीत. मागितला चंदेरी कागद आणि दुधाच्या बाटल्यांची झाकणं. मुलांनी ढीग लावले. त्या भंगारातून अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार झाली, तिचं नाव हनी.

दक्षिण ध्रुवाकडे निघालेल्या कॅप्टन स्कॉटच्या १९१० च्या मोहिमेला ब्रिटनमधल्या शाळांनी तट्टं, कुत्री, घसरगाड्या आणि झोपायच्या पिशव्या घेऊन दिल्या. भूगोलाच्या तासाला आपण घेतलेलं तट्टू नकाशावर कुठे पोचलं असेल ते शोधायचं, याहून चांगला भूगोल कोणता?

आणि क्षयरोगाचं तिकीट! डेन्मार्कच्या पोस्टातला कारकून आयनार होल्बोल याने १९०४ मध्ये नाताळच्या पत्रांवर लावायला एक जास्तीचं तिकीट काढलं. आपल्याकडची ‘टीबी सील’ मोहीम २ ऑक्टोबरला सुरू होते. शाळेत ही सील विकत घेतलेली आणि विकलेली पिढी आज आजी-आजोबा आहे.

सत्तर डॉलरची विहीर

कॅनडातल्या रायन ह्रेल्याक याला १९९८ मध्ये बाईंनी वर्गात सांगितलं की आफ्रिकेत मुलं पाण्यासाठी मैलोन्‌मैल चालतात आणि सत्तर डॉलरमध्ये विहीर होते. तो पहिलीत होता. घरी येऊन सत्तर डॉलर मागितले. आई-वडिलांनी पैसे दिले नाहीत, घरातली जास्तीची कामं दिली. चार महिने तो खिडक्या पुसत, झाडलोट करत राहिला आणि सत्तर डॉलर घेऊन विहिरींसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या कचेरीत गेला. तिथे कळलं की सत्तरमध्ये फक्त हातपंप येतो, विहिरीला दोन हजार लागतात. रायन म्हणाला, मग मी अजून कामं करीन. १९९९ मध्ये युगांडातल्या अंगोलो गावच्या प्राथमिक शाळेजवळ विहीर झाली. पुढच्या वर्षी तो ती बघायला गेला. पाण्यासाठी टँकरची वाट पाहिलेल्या वऱ्हाडातल्या मुलाला ही गोष्ट कॅनडातल्या मुलापेक्षा जास्त कळेल, असं मला ठामपणे वाटतं.

अलेक्झांड्रा स्कॉट कर्करोगाने आजारी होती. चार वर्षांची असताना, २००० मध्ये, तिने घरासमोर लिंबू सरबताची टपरी मांडली. पैसे स्वतःला नकोत, दुसऱ्या आजारी मुलांना बरं करायला डॉक्टरांना द्यायचे. पहिल्या टपरीने दोन हजार डॉलर दिले. २००४ मध्ये आठव्या वर्षी ती गेली, तोवर तिच्या आणि तिचं पाहून मांडलेल्या टपऱ्यांतून दहा लाख डॉलर जमले होते.

हैतीच्या भूकंपानंतर, जानेवारी २०१० मध्ये, लंडनच्या सात वर्षांच्या चार्ली सिम्पसनने ठरवलं की बागेभोवती सायकलच्या फेऱ्या मारायच्या आणि पाचशे पौंड जमवायचे. दोन लाखांवर पौंड जमले.

सायकलवरून आठवलं. २०१८ च्या केरळच्या महापुरात तमिळनाडूतल्या विलुपुरमच्या एका आठ वर्षांच्या मुलीने चार वर्षं सायकलसाठी साठवलेला गल्ला पूरग्रस्तांना देऊन टाकला. नऊ हजारांच्या आसपास रुपये होते ते. सायकलच्या कंपनीला बातमी कळली आणि तिला नवी सायकल मिळाली.

हिरोशिमाचा वर्ग

सादाको सासाकी अणुबॉम्बच्या किरणोत्साराने झालेल्या रक्ताच्या कर्करोगाने २५ ऑक्टोबर १९५५ रोजी, बाराव्या वर्षी गेली. दवाखान्यात तिने घडी घातलेले कागदी क्रौंच पक्षी सगळ्यांना माहीत असतात. तिच्या वर्गमित्रांनी काय केलं, ते कमी जणांना माहीत असतं. त्यांनी ठरवलं, अणुबॉम्बने गेलेल्या सगळ्या मुलांचं स्मारक उभारायचं. पत्रकं वाटली, देशभरच्या शाळांना कळवलं. जपानच्या तीन हजारांहून अधिक शाळांनी आणि इतर नऊ देशांतल्या लोकांनी पैसे पाठवले. ५ मे १९५८ ला, जपानच्या बालदिनी, नऊ मीटर उंचीचं स्मारक खुलं झालं. माथ्यावर हात उंचावून क्रौंच धरलेली मुलगी आहे.

बिस्किटं आणि माकड

हे सगळं मोठी माणसं शिकवतात म्हणून मुलं करतात का? कॅनडात लारा एक्निन, काइली हॅमलिन आणि एलिझाबेथ डन यांनी दोन वर्षांच्या आतल्या बाळांसमोर खाऊ ठेवला आणि खाऊ आवडणारं एक बाहुलं-माकड. बाळांचे चेहरे टिपले. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा माकडाला दिला तेव्हा बाळं जास्त खुश दिसली. आणि सर्वांत खुश कधी? आयता दिलेला खाऊ नव्हे, स्वतःच्या वाटीतला उचलून दिला तेव्हा. २०१२ चा हा अभ्यास आहे. गुरुकुल कांगडीच्या मुलांना तो दाखवायची गरज पडली नसती.

७ डिसेंबर

मराठी शाळेतली जुनी आणि सगळ्यांनी अनुभवलेली मदत म्हणजे सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून ७ डिसेंबरला हा दिवस पाळतात. छोट्या कागदी ध्वजावर तीन रंग: लाल भूदलाचा, गडद निळा नौदलाचा, फिका निळा हवाई दलाचा. हा निधी युद्धात जखमी झालेले जवान, वीरपत्नी, माजी सैनिक आणि त्यांच्या मुलांसाठी वापरला जातो आणि जिल्ह्यात तो सैनिक कल्याण कार्यालयामार्फत जमा होतो. गावात फौजेतून परतलेले काका असतील तर त्या दिवशी त्यांना वर्गात बोलवावं. खिशावर टाचलेला ध्वज कुणासाठी, हे मग गुरुजींना सांगावं लागत नाही.

गल्ला फोडल्यावर

आता कामाचं. मुलांनी आणलेली चिल्लर दुकानदार घेईना झाला तर? नाणे कायद्यानुसार एक रुपया आणि त्यावरची नाणी एका व्यवहारात हजार रुपयांपर्यंत वैध चलन आहेत, पन्नास पैशांची दहा रुपयांपर्यंत. दहाच्या नाण्याबद्दल उठलेल्या अफवांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्येच पडदा टाकला: चौदा वेगवेगळ्या नक्ष्यांची नाणी निघाली आणि सगळी खरी. २०११ च्या मालिकेतलं रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं. म्हणजे अशा हजार रुपयांच्या गल्ल्याचं वजन पावणेचार किलोच्या वर जातं. तेच पैसे दहाच्या नाण्यांत असतील तर पाऊण किलोच्या आसपास. हे गणित चौथीच्या वर्गाला तराजूसकट द्या.

गावभर फिरून वर्गणी मागायची असेल तर मोठ्यांनी एक काम आधी करावं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसा गोळा करायला धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तीच. खाऊचे पैसे आणि मेळाव्याचा नफा शाळेतूनच थेट मुख्यमंत्री सहायता निधीला किंवा नोंदणीकृत संस्थेला द्यायचा असेल तर काम आणखी सोपं. दोन हजार रुपयांच्या वरची रोख देणगी आयकराच्या सवलतीत बसत नाही, म्हणून पालकांनी आपली भर घालायची असेल तर ती धनादेशाने किंवा मोबाइलवरून घालावी.

मोजणी मुलांनी करावी, दोघांनी वेगवेगळी, आणि आकडा जुळला की वहीत लिहावा. कुणाला द्यायचं ते शालेय मंत्रिमंडळाने बैठक घेऊन ठरवावं. गावातल्याच एखाद्या मैत्रिणीच्या ऑपरेशनला, पुरात वह्या गेलेल्या शाळेला, की पाणपोईच्या माठांना. बाईंनी आणि गुरुजींनी त्या बैठकीत बसावं, पण मत देऊ नये. पैसे पोचल्याची पावती आली की ती कार्यालयाच्या फायलीत न लावता आधी वर्गात फिरवावी, प्रत्येकाच्या हातात जाईपर्यंत.